फ्यूज वायरसाठी असतो : गाडीत अँप्लिफायर बसवताना कोणता फ्यूज घालायचा?



आपल्या पेजवर आपण बीज सोडणं, जाळ्याचे आस, बर्फाचं प्रमाण, कर्जाचे हप्ते यावर लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्याच गाड्यांचा आहे. दुधनी, खानवेलकडून आमलीच्या बाजारात मासळी आणणाऱ्या पिकअप आणि छोटा हत्तीत आता टेप, वर अँप्लिफायर, सीटमागे वूफर हे सगळं असतं. कोणी गावात मासळी विकताना भोंगा वाजवायला लावतो, कोणी लग्नसराईत गाडी भाड्याने देतो म्हणून लावतो. लावायला आमची ना नाही. पण वायर कशी ओढली आणि फ्यूज कुठला घातला, हे बघायलाच हवं. ते का, हे आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. एका सभासदाची पिकअप पहाटे माल भरून निघाली होती. मागे थर्माकोलच्या पेट्या, त्यात रोहू आणि कटला. खानवेलच्या अलीकडच्या वळणांवर केबिनमध्ये जळका वास आला, मग सीटखालून धूर. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, म्हणून थोडक्यात निभावलं. हात भाजला, सीटचा फोम काळा झाला, पण गाडी वाचली. आग मागे थर्माकोलपर्यंत पोचली असती तर कर्जाची गाडी आणि माल दोन्ही गेलं असतं, आणि केबिनमध्ये शेजारी त्यांचा मुलगा झोपला होता. पुढचं आम्ही लिहीत नाही.

गाडी ऑफिससमोर आणून आम्ही सगळी वायर उघडून बघितली. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतची वायर निम्मी जळली होती. आणि फ्यूज? फ्यूज शाबूत होता! ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज, अगदी नवाकोरा. कारण तो बसवला होता अँप्लिफायरच्या जवळ, सीटमागे. वायर घासून उघडी पडली होती ती बॅटरीच्या बाजूला, पत्र्याच्या भोकात. म्हणजे शॉर्ट झालं फ्यूजच्या आधीच. फ्यूजला काही कळलंच नाही.

यात एक गोष्ट कबूल करायला हवी. ते फिटिंग आपल्याच आवारात झालं होतं आणि "फ्यूज मागेच ठेव, बदलायला सोपा पडेल" असं सांगणारे आम्हीच होतो. आम्ही काही इंजिनिअर नाही. बारावीतला ओहमचा नियम आठवतो, तेवढंच भांडवल. पण त्यानंतर जाणकार वायरमनांना विचारून, पुस्तकं बघून आणि स्वतः मोजून जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो. शेअर करा, पण आधी नीट वाचा.

१. फ्यूज कोणासाठी?

बहुतेकांना वाटतं, फ्यूज अँप्लिफायर वाचवायला असतो. अँप्लिफायरला त्याचा स्वतःचा फ्यूज कंपनीने अंगावर दिलेलाच असतो. बॅटरीजवळ आपण जो फ्यूज घालतो तो वायर वाचवण्यासाठी. वायर जळाली नाही तर गाडी जळत नाही. हे एक वाक्य डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

आता हिशोब बघा. तांब्याची ४ चौरस मिमीची वायर (वायरमन तिला "चार एमएम" म्हणतात), लांबी ५ मीटर. तिचा रोध येतो साधारण ०.०२ ओहम. अँप्लिफायर २० अँपिअर घेतोय तेव्हा या पूर्ण वायरमध्ये उष्णता तयार होते ८-९ वॅट. पाच मीटरमध्ये पसरलेली, हाताला जाणवतही नाही. पण हीच वायर टोकाला गाडीच्या पत्र्याला टेकली तर? बॅटरीचा आतला रोध अगदी कमी असतो, त्यामुळे प्रवाह ३००-४०० अँपिअरपर्यंत सहज जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच वायरमध्ये आता दोन-तीन हजार वॅट. पाणी तापवायच्या दोन रॉडची उष्णता एका बारीक वायरमध्ये! काही सेकंदांत प्लास्टिक वितळतं, वायर लाल होते, आणि तिला जे जे टेकलेलं असेल ते पेटतं.

लोक म्हणतात, "बारा व्होल्टच तर आहे, शॉक पण लागत नाही." शॉक लागत नाही हे खरं. पण आग व्होल्टेजवर थांबत नाही, ती प्रवाहावर लागते. जी बॅटरी अख्खं डिझेल इंजिन फिरवते, तिला एक वायर तापवायला कितीसा वेळ लागणार?

२. फ्यूज कुठे?

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या जितका जवळ बसवता येईल तितका. कार ऑडिओवाल्यांचा रूढ नियम आहे १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत. अमेरिकेत बोटींच्या वायरिंगसाठी जे मानक वापरतात, त्यात साधारण नियम याहून कडक आहे : ७ इंच, म्हणजे एक वीतसुद्धा नाही.

कारण सरळ आहे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणाचंही संरक्षण नाही. तो तुकडा जितका लांब, तितका धोका लांब. म्हणून तो आखूड ठेवायचा, त्यावर जाड नळी चढवायची आणि तो पत्र्याच्या भोकातून कधीच न्यायचा नाही. आधी फ्यूज, मग भोक. आमची चूक नेमकी इथे होती.

तिथे बसवलेला फ्यूज पावसापाण्यापासून झाकलेला हवा. आपल्याकडचा पाऊस आणि गाडीत सांडणारं बर्फाचं खारट-मातकट पाणी, दोन्हींमुळे होल्डरमध्ये गंज धरतो. गंजलेला होल्डर स्वतःच तापतो आणि वितळतो. झाकणाचा होल्डर घ्या आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

३. किती अँपिअरचा?

इथे दोन आकडे काढायचे. एक, अँप्लिफायरला किती लागतात. दोन, वायर किती सोसते. फ्यूज पहिल्या आकड्यापेक्षा कमी नको आणि दुसऱ्यापेक्षा जास्त नको.

पहिला आकडा : अँप्लिफायरची गरज.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे अँप्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज बघा. त्यावर १५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर त्याची कमाल गरज ३० अँपिअर धरा.

अंगावर फ्यूज नसतील तर हिशोब करा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "१२०० वॅट" छापलेलं असतं, त्याकडे बघू नका. ती जाहिरात. आतल्या कागदावर आरएमएस वॅट शोधा. समजा चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस. झाले २०० वॅट. पण अँप्लिफायर जेवढी वीज घेतो तेवढी सगळी आवाजात जात नाही, बरीच उष्णतेत जाते, म्हणून तर तो तापतो. क्लास एबी जातीचा अँप्लिफायर पूर्ण आवाजावर साधारण ६० टक्के वीज स्पीकरला देतो, क्लास डी जातीचा ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणून २०० भागिले ०.६, आले ३३३ वॅट. त्याला १२ व्होल्टने भागलं की सुमारे २८ अँपिअर. म्हणजे ३० चा फ्यूज. वरच्या सोप्या रीतीशी जुळलं.

वूफरचा ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप्लिफायर असेल तर ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५ वॅट. भागिले १२, म्हणजे ५२ अँपिअर. इथे ६० चा फ्यूज लागेल.

दुसरा आकडा : वायर किती सोसते.

खाली आम्ही संस्थेच्या गाड्यांसाठी धरलेले आकडे देतो. शुद्ध तांब्याची, मोकळी ओढलेली वायर, आणि बॉनेटखालची गरमी लक्षात घेऊन हात राखून धरलेले आहेत. त्या त्या वायरसाठी हा सर्वात मोठा फ्यूज :

१.५ चौरस मिमी : १० अँपिअर
२.५ चौरस मिमी : २० अँपिअर
४ चौरस मिमी : ३० अँपिअर
६ चौरस मिमी : ४० अँपिअर
१० चौरस मिमी : ५० अँपिअर
१६ चौरस मिमी : ७० अँपिअर
२५ चौरस मिमी : १०० अँपिअर

आता दोन्ही आकडे जुळवा. पहिल्या अँप्लिफायरला ३० अँपिअर लागतात. ४ ची वायर अगदी काठावर चालेल, पण पाच मीटरवर तिच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती होते आणि आवाज बसतो. म्हणून ६ ची वायर, ३० चा फ्यूज. दुसऱ्याला ६० लागतात, १० ची वायर ५० वर संपली. म्हणून १६ ची वायर, ६० चा फ्यूज.

आणि वायर आधीच ओढून झाली असेल, ती २.५ ची निघाली, आणि अँप्लिफायरला ३० लागतात, तर? तर ३० चा फ्यूज घालायचा नाही. वायर बदलायची. पैसे नसतील तर २० चा फ्यूज घालून आवाज कमी ठेवायचा. फ्यूज उडाला तर समजायचं की वायरला झेपत नाही.

४. स्वस्त वायर ओळखा

बाजारात अँप्लिफायरच्या वायरचा तयार सेट मिळतो, वर "४ गेज", "८ गेज" लिहिलेलं. पुष्कळदा आत शुद्ध तांबं नसतं, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. कधी कधी तर इन्सुलेशनच जाड असतं आणि आत तारा थोड्याच. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली की अॅल्युमिनियम. हातात घेतली की वायर जाडीच्या मानाने हलकी लागते. अशी वायर वापरायचीच असेल तर वरच्या यादीत एक पायरी खालचा फ्यूज धरा. त्यापेक्षा घरच्या वायरिंगच्या दुकानातून बारीक तारांची, लवचिक, तांब्याची केबल मीटरवर मापून घेतलेली बरी.

५. फ्यूजचे प्रकार आणि रंग

३०-४० अँपिअरपर्यंत दोन पात्यांचा प्लास्टिकचा फ्यूज चालतो. त्याचे रंग ठरलेले आहेत : ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा, ४० नारिंगी. पण सावध राहा, त्याच आकाराच्या मोठ्या भावाचे (त्याला मॅक्सी म्हणतात) रंग वेगळे : त्यात ५० लाल आणि ६० निळा. म्हणून रंगावर जाऊ नका, वरचा आकडा वाचा. त्याहून मोठ्या प्रवाहाला नट-बोल्टने कसायची चपटी पट्टी येते, तिला एएनएल फ्यूज म्हणतात. ती सैल राहिली तर तापते, म्हणून पान्याने घट्ट करा.

फ्यूज घड्याळासारखा नेमका नसतो, हेही लक्षात ठेवा. पात्याचा फ्यूज त्याच्या आकड्यापेक्षा १० टक्के जास्त प्रवाह तासन् तास सोसतो. ३५ टक्के जास्त झाला तर उडायला दहा मिनिटंही लागू शकतात. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत उडतो. म्हणजे "थोडा मोठा फ्यूज घातला तर काय बिघडतं" म्हणणाऱ्याने समजून घ्यावं की फ्यूज आधीच आपल्याला सवलत देतोय. आपण वरून आणखी सवलत घ्यायची नाही.

घरचा एमसीबी गाडीत लावू नका. घरची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विचमधली ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येत नाही, ठिणगी तशीच धरून राहू शकते. ब्रेकर हवाच असेल तर डीसीचा घ्या.

६. फ्यूज सारखा उडतो, मग काय?

आपल्याकडे यावर तीन उपाय चालतात : मोठा फ्यूज, सिगारेटच्या पाकिटाची चांदी, नाहीतर वायरचा तुकडा. तिन्ही उपाय म्हणजे घराला आग लागू नये म्हणून ठेवलेल्या राखणदाराला झोपेची गोळी देणं.

हिशोब ऐका. एक मिलीमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला सुमारे ८० अँपिअर लागतात. २० च्या फ्यूजच्या जागी ती तार गुंडाळली, म्हणजे तुम्ही ८० चा फ्यूज घातला. आणि मागची वायर २.५ ची. आधी कोण जळणार ते आता तुम्हीच सांगा.

उडालेला फ्यूज हा निरोप असतो. तो म्हणतो, कुठेतरी वायर घासतेय, किंवा स्पीकरच्या तारा एकमेकींना टेकल्यात, किंवा अँप्लिफायर आतून गेलाय, किंवा हिशोब चुकलाय. नवा फ्यूज लगेच उडाला तर शॉर्ट आहे. अँप्लिफायरची वायर काढून परत घाला. तरीही उडाला तर दोष वायरमध्ये. नाही उडाला तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. मोठ्या आवाजावर अर्ध्या तासाने उडत असेल तर भार जास्त आहे किंवा होल्डर सैल आहे. एवढी तपासणी कोणीही करू शकतो.

७. एका वायरवर दोन अँप्लिफायर

बॅटरीपासून एक जाड वायर मागे आणून तिथे दोन फाटे काढतात. साधा नियम : जिथे वायर बारीक होते, तिथे नवा फ्यूज. ३० आणि ६० चे दोन अँप्लिफायर असतील तर बॅटरीजवळ १०० चा फ्यूज, २५ ची वायर, आणि फाट्यावर ३० आणि ६० चे वेगळे फ्यूज. नाहीतर ६ ची बारीक वायर १०० च्या फ्यूजच्या भरवशावर राहते, आणि तो तिच्यासाठी कधीच उडणार नाही.

अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड घ्या, आखूड ठेवा, आणि रंग खरवडून चेसिसच्या स्वच्छ लोखंडाला बोल्टने कसा. सीटच्या बोल्टला नको.

८. होडीतली बॅटरी

मधुबन धरणाच्या पाण्यात रात्री जाळी बघायला जाणारे आपले काही सभासद होडीत बारा व्होल्टची बॅटरी आणि दिवा ठेवतात. तिथे फ्यूज असतो का? आम्ही विचारलं तेव्हा बरेच जण हसले. "दिवाच तर आहे." दिवा लहान आहे, बॅटरी लहान नाही. पाण्यात गाडीसारखं बाजूला थांबून उतरताही येत नाही. दिव्याला १.५ ची वायर, बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ ५ चा फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये. आणि चार्जिंग झाल्या झाल्या बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी नको. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो.

९. काम करताना क्रम

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पान्याने पॉझिटिव्ह काढताना पान्याचं टोक पत्र्याला लागलं तर तिथेच शॉर्ट होतं. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल तर ती भीती नाही.
पत्र्यातून जाताना भोकात रबराचा ग्रोमेट घाला. वळणाच्या रस्त्यावर गाडी हादरते आणि पत्रा करवतीसारखी वायर कापतो. आपली वायर अशीच गेली.
वायर दर वितीवर बांधा. सायलेन्सर आणि डिझेलच्या पाइपपासून लांब ठेवा.
टोकाला थिंबल दाबून लावा, नुसत्या तारा गुंडाळू नका.
फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.
पहिल्या दिवशी अर्धा तास पूर्ण आवाजावर वाजवून वायर आणि होल्डर हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबा.

आणखी एक. इंजिन बंद ठेवून वाजवू नका. ३५ एएचची बॅटरी २५ अँपिअरला तासभरही पुरत नाही, आणि पहाटे माल भरलेला असताना गाडी चालू झाली नाही तर बर्फ आणि मासळी कोणासाठी थांबत नाही. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला नियम आहे, तोही पाळा.

मंडळी, त्या दिवशी त्या सभासदांनी आम्हाला एकच विचारलं, "फ्यूज तर होता ना, मग कसं झालं?" तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, थोडं उशिरा दिलेलं.

पुढच्या मासिक सभेला येताना गाडी घेऊन या. बॉनेट उघडायचं, फ्यूज बॅटरीपासून किती लांब आहे ते पट्टीने मोजायचं आणि फ्यूजवरचा आकडा वायरशी जुळवायचा. एका गाडीला दहा मिनिटं लागतील. ऑफिसात सगळ्या आकड्यांचे फ्यूज आणि झाकणाचे होल्डर आणून ठेवले आहेत, खरेदीच्या भावात मिळतील. ज्यांचा फ्यूज मागे, सीटजवळ आहे, त्यांनी सभेची वाट बघू नये. आजच पुढे घ्या.

आपले,
सचिव आणि व्यवस्थापक समिती, आमली